मामांचा रिसीव्हर आणि तो ‘मधाचा’ आवाज : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

कराडच्या घराचा माळा रिकामा करायला गेलो आणि मामांचा रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत) घेऊन पुण्याला आलो. मामा मस्कतला नोकरीला होते. १९७९ मध्ये कायमचे परतले तेव्हा हा रिसीव्हर आणि एक कॅसेट डेक बरोबर आणला. गेली अठरा वर्षं तो पोत्यात गुंडाळून पडून होता. जपानी बनावट, चॅनलला ३५ वॅट, लाकडी पेटी, चांदीसारखं तोंड. वजन काट्यावर ११ किलो ४००. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की जुन्या बाजारात त्याच मॉडेलचा भाव चढतो, आणि मला सुट्या भागांसाठी अजून एक मेलेला सेट हवा आहे.

३५ वॅट ऐकून नाक मुरडू नका. १९७४ मध्ये अमेरिकेत वॅट कसे मोजायचे याचा नियम आला, त्यामुळे त्यानंतरच्या या सेटांवरचे आकडे खरे असतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ छापलेलं असायचं, तसला प्रकार नाही.

हे सगळं कशासाठी? मामा गेली कित्येक वर्षं सांगतायत, “त्याचा आवाज म्हणजे मध होता, मध. तुमच्या त्या डब्यांना नाही जमणार.” माझा ‘डबा’ म्हणजे टीपीए३११६ चिपचा तळहाताएवढा क्लास-डी अॅम्प्लिफायर. बोर्ड ८५० रुपये आणि लॅपटॉपचा जुना अॅडॅप्टर. दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचं ठरवलं.

घरी आल्या आल्या पहिली चूक. उत्साहात थेट प्लगला लावला. “घूंऽऽ” असा मोठा आवाज, मग टप्, मग शांतता. फ्यूज उडाला. अठरा वर्षं झोपलेल्या सेटला थेट २४० व्होल्ट देऊ नये हे मला माहीत होतं. तरी दिले.

८ जानेवारी, बुधवार

सिरीज बोर्ड बनवला. म्हणजे सेटच्या आधी ओळीत १०० वॅटचा पिवळा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. बोर्ड, होल्डर, वायर मिळून १८० रुपये. पण तारेचा बल्बच मिळेना! चार दुकानांत एलईडीच दाखवले. शेवटी पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे मिळाला. पिल्लांना ऊब द्यायला लोक अजून नेतात. दोन घेतले.

सेट लावला. बल्ब लख्ख.

१२ जानेवारी, रविवार

ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या तारा सोडवल्या तर बल्ब विझत आला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक. (तो गेला असता तर इथेच प्रकल्प संपला असता, तसला पुन्हा गुंडाळून घेणं मला परवडलं नसतं.) मग पुढे एकेक भाग सोडवत गेलो आणि मोठ्या दोन फिल्टर कॅपॅसिटरांपैकी (वीज साठवून पुरवठा सपाट करणारे भाग) एक शॉर्ट निघाला. त्याच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग होता. तो आधी पाहिला होता, डिंक समजून सोडून दिला होता. डिंकही असतो तिथे, कंपनीच लावते, पण तो बाहेरच्या कडेला असतो. बुडाखालून आलेला डाग म्हणजे गळती समजावी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पोरं गच्चीवर पतंग उडवत होती, मी खाली खोटे कॅपॅसिटर कापत होतो.

झालं असं, काल दोन कॅपॅसिटर आणले, ६८०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे. एकेकाला ९० रुपये. स्वस्त वाटले तेव्हाच थांबायला हवं होतं. लावण्याआधी कॉम्पोनंट टेस्टरवर घातले, तर एक २४०० आणि दुसरा २२५०. करवतीने एकाचं टोपण काढलं तर आत अर्ध्या उंचीचा दुसराच कॅपॅसिटर, आणि उरलेल्या जागेत कागदाचा बोळा. दुकानदार म्हणाला, “माल असाच येतो.” पैसे गेले ते गेलेच. १८० रुपयांत एक सवय मात्र लागली. आता प्रत्येक भाग आधी टेस्टरवर आणि मगच बोर्डावर. टेस्टर ७०० रुपयांचा आहे. या कामात दुसरं काही नसलं तरी चालेल, तो हवाच.

चांगले ऑनलाइन मागवले. जोडी ९६० रुपये. मधले दहा दिवस वाट पाहण्यात गेले.

२६ जानेवारी, रविवार

कॅपॅसिटर बसवले. सिरीज बल्ब एकदा झपकन पेटला आणि मंद झाला. जीव भांड्यात पडला. मग थेट लाइनवर.

पुरवठा मोजला. सर्किटच्या कागदावर अधिक-उणे ३२ व्होल्ट, माझ्याकडे ३५.३. कारण शोधायला मागे पाहिलं तर व्होल्टेज सिलेक्टर २२० वर. आमच्या गल्लीत रात्री २४३ व्होल्ट येतात. म्हणजे हा सेट आयुष्यभर दहा टक्के जास्त खाऊन बसलेला. सिलेक्टर २४० वर केला, ३२.४ आले. पेचकस फिरवण्याचं काम, खर्च शून्य. गल्फमधून आलेला कुठलाही सेट हाती आला तर आधी हे पाहा.

रात्री मामांचेच जुने स्पीकर लावले. सुताराकडून करून घेतलेल्या पेट्या, आठ इंची वूफर (खर्जाचा स्पीकर), कागदी कोनचा ट्विटर (वरच्या स्वरांचा). एफएमवर १०१ ला विविध भारती लावलं.

आणि खरंच मध! गोड, भरीव, कानाला कुठेही टोचत नाही. डायलचा हिरवट उजेड, सिग्नलची हलणारी सुई. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली. मी वहीत लिहिलं : ‘नव्या हाय-फायला हा आवाज कधीच जमणार नाही. मामा बरोबर होते.’ हे वाक्य खोडत नाही. पुढच्या नोंदी वाचताना तुम्हाला हसू येईल, येऊ दे.

२ फेब्रुवारी, रविवार

छोटे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर बदलले. एकूण ४३. एका वेळी एकच काढायचा, लगेच त्याच जागी नवा, आणि फोटो. अडतीस झाले आणि एकोणचाळिसाव्याला घाई केली. या बोर्डावर खूण अधिक टोकाला छापली आहे, नव्या कॅपॅसिटरवर पट्टी उण्याची असते. पट्टी खुणेला जुळवली, म्हणजे बरोबर उलटा बसवला. दहा सेकंदांत फुगला आणि फटकन फुटला. खोलीभर कुबट, तळलेल्या माशासारखा वास. मुलगी म्हणाली, “बाबा, रिपेअर झाला का?”

त्याच्या मागे एक रेझिस्टरही जळला. तो ३ रुपयांचा, पण शोधायला दीड तास.

काढलेल्या ४३ पैकी ११ च खरोखर गेलेले होते, बाकीचे ठणठणीत. म्हणजे सरसकट सगळे बदलायची गरज होती का? नव्हती. पण एकेक मोजायला काढावाच लागतो, आणि काढल्यावर जुनाच परत कोण लावतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस मी खराब केला.

व्हॉल्यूमच्या नॉबला खरखर होती. घरात गंज काढायचा स्प्रे होता, तो नळीने आत मारला. खरखर गेली. त्याबरोबर नॉबचा तो जड, तुपात फिरल्यासारखा फेराही गेला, कारण आतलं ग्रीस विरघळलं. आता नॉब प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा गरगर फिरतो. यासाठी वेगळा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, ६५० रुपयांना. तो नंतर आणला आणि बाकीच्या नॉबना वापरला. व्हॉल्यूमच्या दांड्याला घट्ट सिलिकॉन ग्रीस भरून पाहिलं, साठ टक्के परत आला.

हे वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. मला रात्रभर वाईट वाटत होतं. सबंध सेटात हाताला कळेल असं जे काही होतं, त्यातलं एक मीच घालवलं.

वर त्याच झटापटीत डायलची दोरी तुटली. काटा ९२ वर येऊन लटकला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर संध्याकाळी मासेमारीची नायलॉन दोरी लावून पाहिली. तीन वेळा. पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा गाठ सुटली, तिसऱ्यांदा बसली, पण दुसऱ्या दिवशी काटा ढिला. शेवटी सेट रिक्षात घालून शनिवार पेठेतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांकडे नेला. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.

त्यांनी दोरी बोटाने ताणून पाहिली.

“नायलॉन का लावलंत?”

“मजबूत असतं म्हणून.”

“मजबूत असतं, पण ताणतं. मे महिन्यात तुमचं पुणे स्टेशन सांगलीला जाईल.”

मग खणातून खऱ्या डायल दोरीचं रीळ काढलं. काम असं केलं : आधी गँग (स्टेशन बदलणारा पात्यांचा कॅपॅसिटर) पूर्ण मिटवला, म्हणजे पाती पातींत गेली, हे ८८ चं टोक. ड्रमच्या आतल्या स्प्रिंगला एक टोक बांधलं, दोरी चाकांवरून घेतली, ट्यूनिंगच्या दांड्याला तीन वेढे, परत ड्रमला अडीच. दुसरं टोक बांधताना स्प्रिंग चिमट्याने अर्धी ताणून धरली होती. ते धरलेलं असताना त्यांनी मला बोलू दिलं नाही. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. काटा शेवटी. आधी आवाजावरून विविध भारती पकडलं, मग काटा १०१ वर सरकवून त्यालाही थेंब.

सगळं मिळून बारा मिनिटं. माझे पाच दिवस.

“कंडेन्सर कुणी बदलले?” कॅपॅसिटरला ते कंडेन्सर म्हणतात.

“मीच.”

त्यांनी आरसा घालून बोर्डाची खालची बाजू पाहिली. “डाख (सोल्डरिंग) बरी आहे,” म्हणाले. दोनशे रुपये घेतले. जाताना मी विचारलं, काका, तुम्ही घरी काय ऐकता? “मोबाइलवर. नातवाने ब्लूटूथ स्पीकर दिलाय. बरा वाजतो.”

२३ फेब्रुवारी, रविवार

आता स्पीकर. ट्विटरला कान लावला तर डावा अजिबात वाजत नाही. मल्टिमीटरवर कॉइल ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. उजवा वाजतो, पण कुजबुजतोय. त्याच्या क्रॉसओव्हरचा (स्वर वाटून देणाऱ्या जोडणीचा) कॅपॅसिटर ३.३ मायक्रोफॅरडचा, मोजला तर ०.९. इतका वाळला की ट्विटरला फक्त अगदी वरचे स्वर पोहोचतात, मधला पट्टा गायब.

इथे डोक्यात पहिली घंटा वाजली. २६ जानेवारीला ‘कानाला कुठेही टोचत नाही’ असं लिहिलं होतं. टोचणार कशाने? टोचणारी वस्तूच बंद होती.

बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत ट्विटरची जोडी घेतली, ११०० रुपये. एकच बदलला तर डावं-उजवं जुळत नाही. नवे कॅपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे, १४० ची जोडी.

२ मार्च, रविवार

दुसरी आणि तिसरी घंटा एकाच दिवशी.

सेटच्या मागे अँटेनाजवळ एक बारका खटका आहे, ५० आणि ७५ (मायक्रोसेकंद). तो ७५ वर होता. एफएम स्टेशन पाठवताना वरचे स्वर मुद्दाम चढवतं आणि रेडिओ ते तितकेच उतरवतो. किती उतरवायचे याचं माप अमेरिकेत ७५, आपल्याकडे ५०. खटका ७५ वर म्हणजे आपलं स्टेशन गरजेपेक्षा जास्त दाबलं जातं, वरच्या टोकाला जवळजवळ साडेतीन डेसिबल. मामांना हे कधी कळायचं कारणच नव्हतं. भारतात एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं, कराडला तेव्हा पट्टीच्या त्या भागात नुसती सळसळ होती. ते ऐकायचे मीडियम वेव्ह आणि कॅसेट.

तिसरं म्हणजे लाउडनेसचं बटण. ते आत दाबलेलं होतं आणि मळाने तिथेच चिकटलं होतं, म्हणून मला ते बटण आहे हेच लक्षात आलं नाही. क्लीनर मारल्यावर टक् करून बाहेर आलं आणि अर्धा खर्ज गेला! कमी आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, म्हणून हे बटण तो वाढवून देतं.

तर मधाची कृती अशी : एक ट्विटर मेलेला, दुसरा अर्धमेला, खटका ७५ वर, लाउडनेस कायम दाबलेला. सेट पूर्ण दुरुस्त झाला आणि मध संपला. आवाज आता स्वच्छ आहे. माझ्या डब्यासारखा.

९ मार्च, रविवार

‘डब्यासारखा’ हे लिहिलं खरं, पण तपासायला हवं म्हणून घरगुती परीक्षा.

करणाऱ्यांसाठी आधी धोक्याची सूचना. दोन अॅम्प्लिफायर एकाच स्पीकरला बदलून लावायचे तर उण्याच्या तारा एकत्र बांधायचा मोह होतो. बांधू नका. या क्लास-डी चिपला स्पीकरची उणे तार म्हणजे जमीन नव्हे, तिच्यावरही आवाज असतो. रिसीव्हरची उणे तार जमिनीला असते. एकत्र केल्या तर चिप जाईल. मी तारा पिळल्याही होत्या, शेवटच्या क्षणी चिपचा कागद पाहिला. मग चार पोल दोन थ्रोचा टॉगल आणला (१२० रुपये), आठही तारा वेगळ्या तुटतात.

फोनमधून एकच सिग्नल दोघांना. एक किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर दोन्हींचा १.०० व्होल्ट जुळवला. हे टाळलं तर जो किंचित मोठा तोच ‘चांगला’ वाटतो. लाउडनेस बंद, टोन मध्यावर. टॉगल पडद्यामागे.

प्रत्येकी वीस वेळा ओळखायचं. मुलगी ११, बायको ९, मी १०. नाणं उडवूनही हेच आलं असतं. मुलगी म्हणाली, “दोन्ही सेमच आहेत, आता मी जाऊ?”

लाउडनेस दाबून पुन्हा केलं तर तिघांचे वीसपैकी वीस.

फरक आहे तो गाणं थांबल्यावर. ट्विटरला कान टेकवला तर डब्यातून बारीक सुस्कारा, रिसीव्हरमधून अगदी हलकी गुणगुण. दोन फुटांवर दोन्ही ऐकू येत नाहीत. आणि विजेला फरक आहे : नुसता चालू ठेवला तर रिसीव्हर ३८ वॅट खातो, डबा ४.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. काम नाही. पण एक गोष्ट नोंदवतो. रिसीव्हर हॉलमध्ये ठेवल्यापासून मुलगी येता-जाता ट्यूनिंगचा नॉब फिरवते. त्याच्या आत जड चाक आहे, एक टिचकी मारली की काटा ८८ पासून १०८ पर्यंत एकटा सरकत जातो आणि टोकाला अलगद थांबतो. तिला स्टेशनशी देणंघेणं नाही. आज रंगलेल्या हातांनी फिरवला, आता नॉबच्या खाचांत गुलाबी आहे. काढणार नाही. डब्यावर तिने आजवर बोट ठेवलेलं मला आठवत नाही.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. मामा आले. श्रीखंड-पुरी झाल्यावर खुर्ची ओढून सेटसमोर बसले. मी काही सांगितलं नाही, लावला. पाच मिनिटं ऐकलं.

“काय केलंस रे याला?”

“सगळा दुरुस्त केला मामा. नवे कंडेन्सर, नवे ट्विटर.”

“तेच म्हणतो. नुसता चकचकीत झालाय. हा माझा नाही.”

मी लाउडनेस दाबला. मामांनी मान तिरकी केली. “जरा आला. पण वरून अजून कचकच आहे.”

संध्याकाळी ते झोपलेले असताना स्पीकर उघडले. ट्विटरला आता १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर कायम, आणि त्याला जोड म्हणून २.२ चा, मागे लावलेल्या खटक्यातून. खटका लावला तर ३.२, म्हणजे जवळपास मूळचं माप. तोडला तर १, म्हणजे वाळलेल्या कॅपॅसिटरची बरोबरी. दोन्ही पेट्यांचे मिळून २१० रुपये. खटक्याच्या एका बाजूला मार्करने ‘मी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मामा’ लिहिलं. मागचा खटकाही तूर्त ७५ वर.

मामा चहाला उठले. ऐकलं. “आता आला,” म्हणाले आणि दुसरं काही न बोलता साडेसातपर्यंत ऐकत बसले.

खर्चाचा हिशेब : सिरीज बोर्ड आणि बल्ब २२०, फ्यूज ३०, टेस्टर ७००, खोटे कॅपॅसिटर १८०, खरे ९६०, छोटे ४३ मिळून ७४०, क्लीनर ६५०, ग्रीस १२०, डायल दोरी २००, रिक्षा १६०, ट्विटर आणि त्यांचे कॅपॅसिटर १२४०, टॉगल १२०, मामांचा खटका २१०. एकूण ५५३०. वेळ अंदाजे ७० तास, त्यातले निम्मे माझ्याच चुका निस्तरण्यात.

बाकी राहिलेलं : उजवी बाजू सेट तापल्यावर, साधारण वीस मिनिटांनी, एकदा ‘कर्र’ करते आणि परत ठीक होते. पेन्सिलच्या मागच्या टोकाने बोर्ड ठोकून पाहिला, ड्रायव्हर ट्रान्झिस्टरपाशी हलक्या टिचकीलाही येते. डाख सुटली असावी. पुढच्या रविवारी.